आघाडी राहू द्या, आधी फेरी सांगा

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मतदान यंत्रांची मोजणी सुरूसुद्धा झालेली नसते. आठ वाजता हातात घेतात ती टपाली मतं. यंत्रं टेबलांवर यायची ती त्यानंतर अर्ध्या तासाने. पहिली फेरी मोजायची, तक्ता भरायचा, उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायचा, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो तपासून पुढे पाठवायचा, यात नऊ-सव्वानऊ सहज वाजतात. तरीही आठ वाजून पाच मिनिटांनी मोबाइलवर कुठलंही चॅनेल लावून बघा. पट्टीवर अमुक पक्ष बेचाळीस, तमुक सदतीस. साडेआठला शंभरी पार. नऊ वाजता विश्लेषक या ‘लाटे’ची कारणं सांगायला लागलेले असतात.

हे आकडे येतात कुठून? थोडे टपाली मतांच्या पहिल्या गठ्ठ्यांवरून. थोडे केंद्राबाहेर उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांच्या फोनवरून. काही आकडे पुरवणाऱ्या एजन्सींकडून. आणि उरलेले कुठून येतात ते चॅनेलवाल्यांनाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मोजणीच्या दालनात सर्वसाधारणपणे कोणाला मोबाइल नेता येत नाही, वार्ताहर माध्यम कक्षात बसलेले असतात, आणि तिथे कळतं ते अधिकाऱ्यांनी जाहीर केल्यावरच. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्र आणि झारखंडच्या निवडणुका जाहीर करताना तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. यंत्रांची मोजणीच साडेआठला सुरू होते, मग आठ-पाच, आठ-दहाला आघाड्या कशा दिसतात, असा त्यांचा सवाल होता. आपलेच मतदानोत्तर अंदाज खरे ठरवण्यासाठी तर हे चालत नाही ना, अशी शंकाही त्यांनी बोलून दाखवली. पाचच आठवड्यांनी, २३ नोव्हेंबरला, महाराष्ट्राची मोजणी झाली. त्या सकाळीही पट्ट्या वेळेआधीच पळत होत्या.

माझं म्हणणं एका वाक्यात मांडता येतं. कितव्या फेरीअखेर, आणि एकूण फेऱ्या किती, हे न सांगता आघाडी दाखवणं बंद झालं पाहिजे. पडद्यावरही आणि यूट्यूबवरही. हे किरकोळ वाटेल, पण तसं नाही.

आधी फेरी म्हणजे काय ते पाहू. २०२४च्या विधानसभेला महाराष्ट्रात एक लाखाहून थोडी जास्त मतदान केंद्रं होती. २८८ने भागलं की मतदारसंघामागे साधारण साडेतीनशे येतात. मोजणीच्या दालनात सहसा चौदा टेबलं मांडतात, म्हणजे एका फेरीत चौदा केंद्रांची यंत्रं मोजली जातात आणि सगळं संपायला पंचवीसेक फेऱ्या लागतात. आता मुद्द्याची गोष्ट: यंत्रं टेबलावर येतात ती केंद्रांच्या क्रमाने. हे क्रमांक मतदार यादीच्या भागांप्रमाणे, म्हणजे बऱ्याच अंशी भूगोलाच्या ओळीने दिलेले असतात. शेजारशेजारची गावं, लागून असलेले वॉर्ड पाठोपाठ येतात. म्हणजे पहिली फेरी हा मतदारसंघाचा नमुना नसतो. तो मतदारसंघाचा एक कोपरा असतो. तो कोपरा एखाद्या उमेदवाराचं माहेर असेल तर तो पाच हजारांनी पुढे दिसतो, आणि अकराव्या फेरीत तालुक्याचं शहर उघडलं की ते पाच हजार बघता बघता विरघळतात. मतदारांचं मन बदललेलं नसतं. फक्त टेबलावरची गावं बदललेली असतात.

गावोगावच्या कार्यकर्त्यांना हे पाठ असतं. मोजणी केंद्राबाहेर वही-पेन घेऊन बसलेला माणूस सहाव्या फेरीला आपला उमेदवार तीन हजारांनी मागे असूनही निवांत चहा पीत असतो, कारण ‘आपला पट्टा अजून यायचाय’. आणि स्टुडिओत त्याच वेळी त्या उमेदवाराला ‘मोठा धक्का’ बसलेला असतो. ज्याला पट्टा ठाऊक आहे त्याच्यासाठी आघाडी ही माहिती असते. ज्याला तो ठाऊक नाही त्याच्यासाठी, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांसाठी, ती एक आकडा चिकटवलेली अफवा असते.

लोकसभेला हे आणखी गुंतागुंतीचं होतं. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. सहांची मोजणी वेगवेगळ्या टेबलांवर, आपापल्या गतीने चालते. एखाद्याच्या सात फेऱ्या झालेल्या असतात, दुसऱ्याच्या तीन. पडद्यावर दिसते ती या सगळ्याची बेरीज, आणि त्या बेरजेत काय काय मिसळलंय हे कोणी सांगत नाही.

इथे जरा बाजूला जाऊन एक गंमत सांगतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात, कुठल्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे उघड होऊ नये म्हणून वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजायची पद्धत होती. गावावर कोणी डूख धरू नये हा त्यामागचा हेतू. पण त्याचा एक न ठरवलेला फायदाही होता. मिसळलेल्या गठ्ठ्यांतून येणारी सुरुवातीची आघाडी साऱ्या मतदारसंघाचं चित्र आजच्यापेक्षा बरं दाखवायची. म्हणजे मोजणीला दीड-दोन दिवस लागायचे, दूरदर्शन निकालांच्या मधल्या वेळात सिनेमे दाखवायचं, त्या काळातला कल आजच्या सेकंदासेकंदाच्या कलापेक्षा जास्त भरवशाचा असू शकत होता! यंत्रांनी वेग दिला आणि केंद्रनिहाय आकडे उघडे केले. अनेक यंत्रांची बेरीज एकदम काढणाऱ्या ‘टोटलायझर’ची शिफारस निवडणूक आयोगाने २००८मध्ये केली, विधी आयोगाने २०१५च्या २५५व्या अहवालात ती उचलून धरली, पण सरकारला ती पटली नाही. त्यावर मला एक आक्षेप आहे, तो शेवटी सांगतो.

आघाडी किती फसवी असते याचं टोकाचं उदाहरण मुंबईतच घडलंय. ४ जून २०२४, मुंबई उत्तर-पश्चिम. साडेनऊ लाखांच्या आसपास मतं मोजली गेली. यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. एका! टपाली मतं धरली तेव्हा रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. दिवसभरात या एका जागेवर किती वेळा ‘विजयी’ची पट्टी फिरली असेल याचा अंदाज करा. विधानसभेला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, मालेगाव मध्यमध्ये १६२ मतांनी निकाल लागला. अशा जागांवर शेवटची फेरी होईपर्यंत आघाडी हा आकडा निव्वळ निरर्थक असतो.

यावर कोणी म्हणेल, ‘असू दे की. लोकांना मजा येते. पाच वर्षांतून एकदा सगळं घर एकत्र बसतं, गुलाल कोणाचा यावर पैजा लागतात. संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळतंच. मग सकाळच्या चुकीच्या आकड्यांनी कोणाचं काय बिघडलं?’

हा प्रश्न रास्त आहे आणि बराच काळ त्याला चोख उत्तर नव्हतं. मला वाटतं, ८ ऑक्टोबर २०२४ला हरियाणाने ते दिलं. सकाळी जवळजवळ सगळ्या चॅनेलांवर काँग्रेस साठीच्या पुढे होती. नव्वदांच्या सभागृहात साठ. मतदानोत्तर अंदाजही तेच सांगत होते. पक्षाच्या कार्यालयात मिठाई वाटली गेली. दुपारच्या आतच आकडे उलटले आणि दिवसाअखेर भाजप ४८, काँग्रेस ३७. दोन्ही पक्षांच्या मतांच्या टक्केवारीत एक टक्क्याचाही फरक नव्हता, म्हणजे निवडणूक अटीतटीचीच होती. पण ज्याने सकाळी नऊला साठ पाहिले होते त्याच्या लेखी ती अटीतटीची नव्हती. ती जिंकलेली होती, आणि मग कोणीतरी काहीतरी केलं. काँग्रेसने त्याच दिवशी आयोगाकडे तक्रार केली की नऊ ते अकराच्या दरम्यान संकेतस्थळावरचे आकडे संशयास्पदरीत्या संथ झाले. आयोगाने ती फेटाळली. खरंखोटं काय ते बाजूला ठेवू. मला दिसते ती संशय जन्माला येण्याची रीत. संकेतस्थळ संथ वाटलं, कारण त्याची तुलना पडद्यावरच्या आकड्यांशी होत होती, आणि पडद्यावरचे आकडे मोजणीच्या पुढे धावत होते.

म्हणून सकाळचा चुकीचा आकडा संध्याकाळी आपोआप पुसला जातो हे खरं नाही. हरलेल्या बाजूच्या मनात तो राहतो. ‘सकाळी आम्ही पुढे होतो’ हे वाक्य मग यंत्रांवरच्या प्रत्येक आरोपाचा पहिला पुरावा बनतं. त्यात कुठलाच पक्ष अपवाद नाही. आज एकाला वाटतं, उद्या दुसऱ्याला वाटेल. मतदान यंत्रांवर विश्वास असणाऱ्यांनी तर या आगाऊ आघाड्यांवर सगळ्यात जास्त चिडायला हवं. आणि यंत्रांवर शंका असणाऱ्यांनीही चिडायला हवं, कारण खरी शंका घ्यायची तर आधी खरा आकडा हाताशी लागतो.

त्याआधीचा मासला बिहारचा. ८ नोव्हेंबर २०१५. एनडीटीव्हीसारख्या, निवडणूक विश्लेषणात देशात जिचं नाव पहिलं घ्यावं अशा वाहिनीने सकाळी भाजप आघाडी जिंकतेय असं सांगितलं. दिल्लीत फटाके फुटले. दुपारपर्यंत महाआघाडी १७८ जागांकडे निघाली होती आणि भाजप आघाडी ५८वर अडकली. प्रणय रॉय यांनी नंतर जाहीर माफी मागितली आणि बाहेरून येणारे आकडेच चुकीचे होते असं स्पष्टीकरण दिलं. माफी मागितली हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण ज्यांनी आयुष्यभर हेच काम केलं त्यांची सकाळ जर अशी जाऊ शकते, तर एका खोलीत कॅमेरा आणि मागे हिरवा पडदा लावून बसलेल्या यूट्यूब चॅनेलची काय कथा?

क्रिकेटचा दाखला या चर्चेत हमखास येतो: निवडणुकीचा धावफलक. पण धावफलकावर षटकं असतात. १२० धावा झाल्या हे ऐकून कोणी नाचत नाही, आधी विचारतो, किती षटकांत, किती बाद. निवडणुकीच्या पट्टीवर नेमकं तेच गाळलेलं असतं. आणि सामना तरी तुमच्यासमोर घडत असतो. मोजणीच्या दिवशी काहीही घडत नसतं. जे व्हायचं ते मतदानाच्या दिवशी होऊन गेलेलं असतं. २०२४च्या लोकसभेला नागपूर, रामटेक, चंद्रपूर, गडचिरोली-चिमूर, भंडारा-गोंदिया इथे १९ एप्रिलला मतदान झालं आणि ती मतं ४६ दिवस सुरक्षा कक्षात पडून होती. ४ जूनला ‘मुसंडी’, ‘पिछेहाट’, ‘जोरदार पुनरागमन’ हे जे काही आपण पाहिलं, ते मोजण्याच्या क्रमातून उमटलेलं नाट्य होतं.

त्या नाट्याची किंमत पैशातही मोजता येते. १ जूनला संध्याकाळी साडेसहानंतर, कायद्याने घातलेली मुदत संपताच, सगळे मतदानोत्तर अंदाज एकदम बाहेर पडले. बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं, काहींनी चारशे पार. सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी वर गेला. मंगळवारी मोजणी सुरू झाली आणि तो जवळजवळ ४,३९० अंशांनी कोसळला. प्रत्यक्षात भाजपला २४०, सत्ताधारी आघाडीला मिळून २९३ जागा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ मतदान चालू असताना मतदानोत्तर चाचण्यांना मनाई करतं, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण मतदान संपल्यावर मोजणी सुरू होईपर्यंत, आणि मोजणीच्या सकाळी, काय दाखवावं याबद्दल तो कायदा काहीच बोलत नाही. मतदारावर प्रभाव पडू नये एवढाच त्याचा विचार. मतदान झाल्यावर मतदार फक्त प्रेक्षक उरतो, आणि प्रेक्षकाला काय दाखवलं याची कायद्याला चिंता नाही.

प्रेक्षक म्हटलं की परदेशातले आपले लोक आठवतात, कारण मतमोजणी त्यांच्याइतकी निष्ठेने कोणी पाहत नसेल. २३ नोव्हेंबर २०२४ला आपल्याकडे शनिवारी सकाळचे आठ वाजले तेव्हा न्यू जर्सीत शुक्रवारची रात्र होती, साडेनऊ. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून अडीच. दुबईत साडेसहा. अमेरिकेतल्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे त्यांची रात्र मजेत गेली असणार. लंडनवाल्यांना बिचाऱ्यांना गजर लावून उठावं लागतं. एका खिडकीत एक चॅनेल, दुसरीत दुसरं, बाजूला व्हॉट्सॲपवर शाळेचा ग्रुप, आणि कोणीतरी सांगलीहून ‘इथे वातावरण वेगळं आहे’ असं टाकतंय. मला यात थट्टा करण्यासारखं काही दिसत नाही. गाव सुटलं तरी गावच्या आमदाराची ओढ सुटत नाही.

पण एक आकडा फार टोचतो. भारतीय पासपोर्ट असलेले एक कोटीहून अधिक लोक परदेशात राहतात. २०१०मध्ये कायद्यात बदल होऊन त्यांना मतदार यादीत नाव घालता येऊ लागलं. अर्ज ६अ भरायचा, आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. २०२४च्या लोकसभेला अशी नावं होती फक्त १,१९,३७४. त्यातली ८९,८३९ एकट्या केरळची. प्रत्यक्ष मतदान केलं २,९५८ जणांनी, आणि त्यातही २,६७० केरळचे. म्हणजे उरलेल्या सगळ्या देशाचे तीनशेसुद्धा नाहीत.

याचं मुख्य कारण उघड आहे: मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. विमानाचं तिकीट काढून, रजा टाकून, एका मतासाठी. प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे राज्यसभेत न येताच बारगळलं. सैनिकांना जशी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने टपाली मतपत्रिका मिळते तशी अनिवासी भारतीयांना द्यायची तयारी आयोगाने २०२०मध्ये दाखवली होती, तेही पुढे सरकलं नाही. मी या सोयीच्या बाजूने आहे, पण पूर्ण भाबडेपणाने नाही. जिथे शेवटची चार-पाच हजार मतं निकाल फिरवतात, तिथे ज्यांना त्या निकालाचे परिणाम रोज भोगायचे नाहीत त्यांचं मत किती मोजायचं, ही शंका गावातला माणूस घेतो तेव्हा ती अगदीच झटकून टाकता येत नाही. तरी कायद्याने नागरिक असलेल्याला यादीत घ्यायचं आणि केंद्रापर्यंत पोचण्याची वाट बंद ठेवायची, हा शुद्ध दांभिकपणा आहे. आणि केरळच्या आकड्यांकडे पाहिलं की आपल्या बाजूचा आळसही लपत नाही. नाव नोंदवायला कुठे विमान लागतं? रात्रभर जागून मोजणी पाहणाऱ्या मराठी माणसाने अर्ज ६अ भरला असता तर निदान मागणीला वजन आलं असतं.

बाकीचे देश हा दिवस कसा काढतात? ब्रिटनमध्ये अर्धवट मोजणीचे आकडे बाहेरच येत नाहीत. रात्री दहाला मतदान संपतं, त्याच क्षणी तिथल्या तीन मोठ्या वाहिन्यांनी मिळून केलेला एकच मतदानोत्तर अंदाज जाहीर होतो, आणि मग एकेका मतदारसंघाचा पूर्ण निकाल. सगळे उमेदवार एका मंचावर उभे, अधिकारी आकडे वाचतो, संपलं. ४ जुलै २०२४ला त्या अंदाजाने मजूर पक्षाला ४१० जागा दिल्या होत्या, मिळाल्या ४११. तिथेही रात्रभर लोक जागतात, चर्चा करतात, रंगीत नकाशे फिरतात. म्हणजे आघाड्या नसल्या तरी रात्र बेचव होत नाही, हे आपल्याकडच्या संपादकांनी पाहून ठेवावं.

अमेरिकेचं नेमकं उलट. २०००मध्ये फ्लोरिडा आधी अल गोर यांना दिलं, मग काढून घेतलं, मग बुश यांना दिलं, तेही काढून घेतलं. शेवटी फरक निघाला ५३७ मतांचा, तोही महिनाभराच्या कोर्टकचेरीनंतर. २०२०मध्ये टपालाची मतं उशिरा मोजली गेल्यामुळे रात्री काही निर्णायक राज्यांत पुढे असलेला उमेदवार पुढच्या चार दिवसांत मागे पडला, आणि त्या रात्रीच्या आघाडीवरून पेटलेला वाद पुढे संसदेच्या इमारतीत घुसण्यापर्यंत गेला. मोजणीचा क्रम समजावून न सांगण्याची किंमत इतकी मोठी असू शकते.

आणि कॅनडा हा इंटरनेटपुढे हरलेला देश. पूर्वेकडचे निकाल पश्चिमेत मतदान चालू असताना प्रसारित करायला तिथे बंदी होती. २०००च्या निवडणुकीत एकाने ते आपल्या वेबसाइटवर टाकले, त्याला दंड झाला, २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी वैध ठरवली. पण तोवर फेसबुक आणि ट्विटर हातात आले होते. लाखो लोकांना कुठून दंड करणार? २०१४मध्ये सरकारने ते कलमच काढून टाकलं.

यातून मला एवढं कळतं की थेट प्रसारणावर सरसकट बंदी आज कोणी घालू शकत नाही, आणि घालूही नये. अर्ध्यामुर्ध्या मोजणीची गुप्तता आपल्या देशात चालणारही नाही. आपल्याकडे फेरीनिहाय आकडा जाहीर होणं हेच हेराफेरीविरुद्धचं मोठं संरक्षण आहे. ब्रिटनसारखं शेवटीच सांगायचं ठरवलं तर संशय दसपट वाढेल. तेव्हा आकडे यावेतच, पण फेरीसकट.

हे करणं अवघडही नाही. आयोगाच्या निकालाच्या संकेतस्थळावर मतदारसंघांच्या यादीत कितवी फेरी चालू आहे हे दिलेलं असतं. म्हणजे चॅनेलवाले तो रकाना समोर असून गाळतात. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेची निवडणूक प्रसारणाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०१४पासून आहेत. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने जाहीर करण्याआधीचा आकडा दाखवायचा तर तो अनधिकृत, अपूर्ण आहे असं स्पष्ट सांगा, असं त्यात लिहिलंय. पाळतात, पण मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि यूट्यूब चॅनेलांना तर ते लागूही नाही. कायदा बदलायची वाट बघण्यापेक्षा आयोगाच्या हातात एक सरळ उपाय आहे. मोजणी केंद्रात जायला वार्ताहरांना आयोगाचं प्राधिकारपत्र लागतं. त्यावर एक अट घाला: सही झालेल्या फेरीआधी आघाडी दाखवायची नाही, आणि आघाडीशेजारी फेरी तेवढ्याच मोठ्या अक्षरात दाखवायची. मोडली तर पुढच्या निवडणुकीला पत्र नाही. त्याबरोबर आयोगानेही आपली बाजू सांभाळावी. संकेतस्थळ ऐन दहा वाजता धापा टाकतं, तेव्हा लोक दुसरीकडे जाणारच. प्रत्येक फेरीचा आकडा कोणालाही आपोआप उचलता येईल अशा रूपात खुला करा, म्हणजे हिरव्या पडद्यावाल्या चॅनेललाही खोटा आकडा बनवण्यापेक्षा खरा उचलणं सोपं पडेल. माणूस सोपं असेल तेच करतो.

आता टोटलायझरवरचा आक्षेप. केंद्रनिहाय आकडे लपवले तर गावाचं संरक्षण होतं हे मान्य. अमुक वस्तीने मतं दिली नाहीत म्हणून तिची पाण्याची लाइन अडली, हे आपण ऐकलेलं असतं. पण आजच्या अविश्वासाच्या हवेत मी आकडे उघडे राहण्याच्या बाजूने आहे, आणि याचं कारण मारकडवाडी. माळशिरस तालुक्यातल्या या गावाने विधानसभेच्या निकालानंतर, ३ डिसेंबर २०२४ला, मतपत्रिकेवर आपलं आपण पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. मतदारसंघात उत्तम जानकर निवडून आले होते, पण या गावात त्यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मतं दिसली आणि ते गावकऱ्यांना पटेना. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालं नाही. तो हट्ट कायद्यात बसत नव्हता. पण गावाने आपला आकडा पाहिला आणि त्यावर प्रश्न विचारला, हे दिवसभर पट्ट्या पाहण्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचं नागरिकत्व आहे. आणि ते शक्य झालं ते केंद्राचा आकडा गावाला कळला म्हणूनच.

हा आकडा सगळ्यांना मिळण्याची व्यवस्थाही आहे, फक्त ती कोणी पाहत नाही. मतदान संपताना केंद्राध्यक्ष नमुना १७क भरतो, किती मतं पडली ते लिहितो, त्याची प्रत प्रतिनिधींना देतो. मोजणीच्या टेबलावर त्याच्याच दुसऱ्या भागात कोणाला किती ते लिहिलं जातं. सगळ्या केंद्रांचं मिळून होतं ते नमुना २०, मतदारसंघाचं अंतिम पत्रक. पहिल्या भागाच्या प्रती संकेतस्थळावर टाकाव्यात म्हणून लोकसभेच्या ऐन मध्यावर, मे २०२४मध्ये, सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला आणि न्यायालयाने निवडणूक चालू असताना हस्तक्षेप करायला नकार दिला. नमुना २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर येतो, पण निकाल शिळा झाल्यावर, आणि बऱ्याचदा स्कॅन केलेल्या, तिरक्या, शोधता न येणाऱ्या पानांच्या पीडीएफमध्ये. जो आकडा तपासता येतो तो उशिरा आणि अंधुक मिळतो, आणि ज्याला बूड नाही तो आठ वाजून पाच मिनिटांनी. हे उलटं करायचं तर आयोगाने मोजणीच्या रात्रीच प्रत्येक केंद्राचा १७क, दोन्ही भाग, सही-शिक्क्यासह टाकावा, आणि सोबत साधी आकड्यांची फाइल द्यावी. न्यू जर्सीत जागणारा असो की मारकडवाडीतला, त्याला आपल्या केंद्राची ओळ स्वतः उघडून पाहता आली पाहिजे.